खंडेनवमीला मोडलेलं सीट

आमच्या घरच्यांच्या पोटात काय चाललंय ते मला आजपतोर कळलं न्हाई, अन् आता कळंल ही आशाबी मी सोडून दिलीय. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत न्हाई आमच्यात, पण माझी सासू त्यांना वैजीनाथ म्हणून हाका मारायची, तेवढं सांगते. पेडगावात आमचं थोडं रान, एक बैलजोडी, अन् ह्यांनी हौसेनं घेतलेली एक जुनी फटफटी. माणूस वाईट न्हाई हो! दारू न्हाई, शिवी न्हाई, चढा आवाज न्हाई. पण काईबी इचारा, उत्तर एकच: "बघू." पाऊस पडंल का? बघू. भाकर वाढू का? बघू. आता भाकरीत काय बघायचंय, तुमीच सांगा!

विद्यापीठाच्या नामांतराचं अजून काईच ठरलं नव्हतं, त्या सालांतली ही गोष्ट. आज मोर्चा, उद्या बंद, एसटी कवा सुटंल ह्याचा भरवसा नव्हता. माझं माहेर चारठाण्याला, जिंतूरच्या पुढं. तिथं पाय ठेवून मला चार-पाच वर्सं झाली व्हती. धाकट्या बहिणीच्या लग्नात माझ्या भावानं, किशनदादानं, गडबडीत धाकल्या जावयाला आधी टॉवेल-टोपी दिली अन् आमच्या ह्यांना द्यायची राहूनच गेली. पुढं पंगत बसली. दादा म्हणला, "चला दाजी, जेवा." हे म्हणले, "नको." अन् न जेवताच मला घेऊन निघाले. झालं! थोरला जावई रुसला म्हणून अख्ख्या मांडवात बोंब. दादाबी ताठला. मग तिकडून बोलावणं न्हाई, इकडून जाणं न्हाई. मला "जाऊ नको" असं कुणी म्हणलं न्हाई, पण "चल" असंबी कुणी म्हणलं न्हाई. मी आपली वाट बघायले.

त्या साली नवरात्रात एका सोयऱ्याच्या तोंडी दादाचा निरोप आला. "नवमीच्या कुळाचाराला दाजींनी गोजरला घेऊन यावं. मायच्या डोळ्याला दिसायचं लय कमी झालंय. सारखी लेकीची आठवण काढायलीय." मी तव्यावरची भाकर तशीच सोडून रडत बसले. हे सुपारी कातरत म्हणले, "बघू."

नवमीच्या सकाळी कळलं, परभणीत बंद हाय, एसटी न्हाई. मी काढून ठेवलेलं पातळ परत पेटीत टाकलं. अन् हे म्हणतात कसे, "फटफटीवर जाऊ की." मला खरं वाटंना. मी पातळ बदलायला आत पळाले.

आता त्या दिवशी खंडेनवमी. घरातलं सगळं लोखंड धुवून पुजायचं, अन् एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्यापतोर त्याला हात लावायचा न्हाई. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, ह्या बाबतीत लय कडक. विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, घरातली विळीसुद्धा पाटावर मांडलेली. ह्यांनीबी फटफटी धुवायला काढली. आतला चिखल निघावा म्हणून सीटखालचे नट सोडले, सीट उचलून बाजूला ठेवलं, चांगली घासून-पुसून धुतली. मग सीट परत ठेवून हातानंच नट फिरवले अन् पाना घ्यायला वळले, तर पाना जाग्यावर न्हाई! आत्याबाईंनी पाना, पक्कड, हातोडी सगळं उचलून नेऊन पाटावर मांडलं व्हतं, अन् वर हळद-कुंकू वाहून, फुलं घालून मोकळ्या.

"माय, एवढे नट आवळू दे," हे म्हणले.

"हात लावून तर बघ, वैजीनाथ!" आत्याबाई पाटापुढंच मांडी घालून बसल्या.

शाण्या माणसानं काय करावं? गप बसावं. ह्यांनी काय केलं? त्या ढिल्या सीटावर टांग टाकून बसले, बसतंय का बघायला. कडाक्! पुढच्या बाजूला सीट ज्या लोखंडी कानावर बसतं, तो कानच मोडला.

मी नव्या पातळात दारात उभी. माझं डोकंच फिरलं. "मुद्दाम मोडलाव ना? चारठाण्याला जायचं न्हाई म्हणून मोडलाव ना? तोंडानं न्हाई म्हणायची हिंमत न्हाई, म्हणून ही नाटकं!" मी नको नको ते बोलले. ह्यांनी मोडका तुकडा उलटा-सुलटा करून बघितला अन् म्हणले, "गंजला व्हता वाटतं." आता तो गंजला व्हता का ह्यांनीच जोर लावला, देवालाच मालूम.

गावातल्या लोहाराकडं, चंद्रभानकडं, गेले. तो म्हणला, "भाता पुजलाय मालक, उद्या सोनं लुटलं की या." अख्ख्या गावात त्या दिवशी लोखंडाला लोखंड लागणार नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता हे बाजंवर आडवे होतील अन् "बघू" म्हणतील.

पण न्हाई! हे गोठ्यात गेले अन् जुवाची एक जुनी लाकडी खुंटी अन् चामड्याची वादी घेऊन आले. वादी पाण्यात भिजवली. मोडक्या कानाच्या जागी खुंटी आडवी घातली अन् ओल्या वादीनं करकचून बांधायला लागले, जसं गाडीचं जू बांधतात तसं. एक टोक दातात, एक हातात. "वादी वाळली की आपोआप आवळती," म्हणले. बांधून झालं, उभे राहून बघितलं, तर सीट उलटं! रुंद बाजू पुढं अन् निमुळती मागं. परत सोडलं, परत बांधलं. सगळं झाल्यावर हातात एक नट उरला. तो कुठला, ते त्यांनाबी कळंना अन् मलाबी. मी हसावं का रडावं? ज्याला जायचं न्हाई, तो माणूस दात दुखंस्तोवर वाद्या आवळील का? अन् ज्याला जायचंय, तो इतक्या वर्सांत एकदाबी "चल" म्हणणार न्हाई का? माझं डोकं नुसतं गरगरायलं.

वादी उन्हात वाळली तशी खरंच आवळली. फटफटीला अजून हळद-कुंकू लागलं नव्हतं म्हणून आत्याबाई आडव्या आल्या न्हाईत, अन् आमी निघालो. ह्यांनी मला मागं बसवलं अन् सीटाला बांधलेल्या दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "ओढून धर. सोडू नको." परभणीला वळसा घालून आडवाटेनं गेलो. प्रत्येक खड्ड्याला खुंटी कुरकुरायची अन् मी डोळे घट्ट मिटून दोरी आणखी ओढायची. जिंतूरच्या अलीकडं थांबलो तवा कळलं, हा माणूस सीटावर बसलाच नव्हता. मोडक्या भागावर भार नको म्हणून सगळी वाट पुढं पेट्रोलच्या टाकीवर चढून बसला व्हता. खाली उतरले तर पाय फाकून चालायले. मी म्हणलं, "आवं, सांगायचं तरी!" तर म्हणले, "काय सांगायचं त्यात?"

चारठाण्याला पोचलो तर दादा दारातच. मला बघून त्याचे डोळे भरले. पण आधी ह्यांच्याकडं गेला, अंगणात घोंगडी अंथरली, स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या दिला. म्हणला, "बसा दाजी."

"नको. उभाच बरा हाय मी," हे म्हणले.

दादाचं तोंड खर्रकन उतरलं. "म्हंजे राग अजून गेलाच न्हाई! एका टोपीपायी दाजी, इतकी वर्सं! आता काय तुमच्या पाया पडू?"

"आरं दादा, राग कशाचा घेऊन बसलास!" मी ओरडलेच. "ह्यांना बसताच येईना! टाकीवर बसून आलेत पेडगावाहून!"

दादानं फटफटीकडं बघितलं. खुंटी बघितली, वाद्या बघितल्या, माझ्या हातावरचे दोरीचे वळ बघितले, अन् हसत सुटला. हसता हसता म्हणला, "मग लग्नात का जेवला न्हाईत?"

"तवा दाढ सुजली व्हती."

दादानं कपाळाला हात लावला.

"मग तवाच सांगायचं न्हाई का?"

"कुणी इचारलं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अन् मग मला इतकी वर्सं माहेराला का आणलं न्हाई? बोला की! का आणलं न्हाई?"

हे माझ्याकडं असे बघायले जसं मीच काई येड्यासारखं बोलले. "मला वाटलं तुझाच राग हाय भावावर. माहेराचं नावच काढीना झालीस तू."

घ्या! दादा समजला हे रुसले, मी समजले हे रुसले, अन् हे समजले मी रुसले. का हेबी खोटंच? इतक्या वर्सांत दाढंबद्दल एक शबूद मी ऐकला नव्हता ह्यांच्या तोंडून. दाढ खरंच सुजली व्हती, का दादाचं तोंड राखायला त्या वख्ताला सुचलं, ते मला आजबी ठरवता येत न्हाई. इचारलं तर म्हणतात, "झालं की आता." मला त्या माणसाचा असा राग आला, अन् असं गळ्यात पडून रडावंसंबी वाटलं, अन् दोन्ही एकदमच.

आमचा कालवा ऐकून माय आतून भिंत धरत धरत बाहेर आली. केस सगळे पिकलेले. लग्नात मी बघितली तवा सुईत दोरा ओवायची ती.

"कोण आलंय रं, किशन?"

"मी हाय माय. गोजर."

तिचं तोंड उजळलं. माझ्या आवाजाकडं वळून, डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणली, "गोजर, अशी अंधारात का उभी गं? जरा उजेडात ये, तोंड तरी बघू दे तुझं."

तिसऱ्या पाराचं ऊन सगळ्या अंगणात भरलं व्हतं, अन् मी तिच्या पुढ्यातच उभी व्हते.