मादीला हवा लागेल अशी बॅग

दिवाळी नुकतीच आटोपली होती. सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे कबुतरं सोडली. बोरगावच्या घरांवरून ती दुसरा फेरा घेत होती तेवढ्यात वरून ससाणा आला. बाबा गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. उठून शीळ घालायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. थवा फुटला आणि वाट फुटेल तिकडे उधळला. दुपारपर्यंत एकेक करत सगळी परतली, फक्त काळ्या पट्ट्यांचा नर आला नाही. ससाण्याने त्याला नेला, असं आईचं मत पडलं. बाबांना कुठे पिसं दिसली नव्हती, म्हणून ते मानायला तयार नव्हते.

मी नालवाडीत राहते आणि एका शाळेच्या ऑफिसात काम करते. संध्याकाळी घरी जाताना बोरगावला आईबाबांकडे चक्कर टाकायची, हा क्रम बाबा आजारी पडल्यापासून सुरू झाला. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र अर्ध्यावर थांबला. पेला धरता यायचा, भरलेली बादली नाही. विजेच्या खात्यात लाईनमन म्हणून आयुष्य खांबांवर काढलेला माणूस. तो आता दवाखान्यात जायचं असेल तरच घराबाहेर पडायचा, तेही आई किंवा मी सोबत असलो तर. एरवी गच्ची आणि कबुतरं.

मग एक दिवस हिंगणघाटहून मावशीचा फोन आला. मावशीचं घर कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. जिनिंगच्या छपराच्या टिनांवर रानकबुतरांचा मोठा थवा असतो. त्यात एक वेगळंच कबूतर दिसतंय, असं ती आईला सांगत होती.

"तुमच्या माणसाच्या कबुतरायच्या पायात हिरवं कडं राह्यते नं? थेच हाये, पाह्य. काळे पट्टे हायेत पंखावर."

आईने फोन बाबांच्या कानाला लावला. बाबांनी तिला दोनदा सगळं सांगायला लावलं. चोच कशी, शेपूट कशी, चालताना मान कशी टाकतो. फोन ठेवून ते म्हणाले, "मले हिंगणघाटले जा लागते."

अशा भटकलेल्या कबुतराला परत आणायची एक रीत आहे. त्याची जोडीदारीण न्यायची, तिच्या पायाला मऊ फीत बांधून तिला मोकळ्या जागेत ठेवायचं आणि शेजारी दाणे टाकायचे. एकटं कबूतर पाहून रानकबुतरं बिचकतात, म्हणून आजूबाजूला दोन-तीन खोटी कबुतरं मांडायची. बाजूला दोन बांबूच्या काड्यांवर ताणलेलं जाळं जमिनीवर पसरून ठेवायचं. लांबून दोरी ओढली, की ते जाळं वहीचं पान उलटावं तसं उलटून दाण्यांवर पडतं. खोटी कबुतरं बाबांनी फार पूर्वी थर्माकोलची कोरली होती. पाटीच्या रंगाची, मानेवर हिरवट जांभळी झाक दिलेली. जवळून पाहिलं तरी क्षणभर फसावं अशी.

प्रश्न हे सगळं न्यायचं कशात, हा होता. पूर्वी बाबा मोटारसायकलच्या मागे पेटी बांधायचे. आता बसने जायचं होतं आणि उचलायला एक हात.

आईने खताचं रिकामं चुंगडं, म्हणजे पोतं, धुऊन वाळवून समोर ठेवलं. "याच्यात टाका सारं. अन् मादी हातात धरा."

"हातात धरली तर बसचा दांडा कशानं धरू?" बाबा म्हणाले.

मी माझी ऑफिसची पाठीवरची बॅग दिली. काड्या तिच्यातून हातभर वर आल्या आणि थर्माकोलच्या एका कबुतराची चोच मोडली. बाबांनी चोच उचलून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी म्हटलं, आपण बाजारात जाऊन बॅगच पाहू. ते लगेच तयार झाले. फक्त एक अट घातली, मादी सोबत न्यायची.

"बॅग तिच्यासाठी हाय नं? मग तिले दाखवा लागन."

वर्ध्याच्या बाजारात बॅगांच्या दुकानात आम्ही शिरलो तेव्हा मादी माझ्या ओढणीखाली होती. दुकानदार मध्यमवयाचा, बोलका माणूस. त्याने विचारलं, "काय ठेवाचं हाय, काका? कपडे, का लॅपटॉप?"

"कबूतर," बाबा म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ओढणी बाजूला केली. त्यानंतर त्या दुकानात जे चाललं ते मी स्टुलावर बसून पाहत होते. बाबांनी पहिल्यांदा क्रिकेटच्या सामानाची लांब बॅग मागितली. काड्या मावत होत्या. तिला खाली चाकंही होती, एका हाताने ओढता आली असती. दुकानदार खूश झाला. बाबांनी मादीला आत ठेवलं, चेन अर्धी लावली आणि बॅग फरशीवरून ओढली. चाकांचा खडखडाट झाला. त्यांनी लगेच थांबून आत हात घातला आणि मादीच्या छातीवर बोट टेकवून पाहिलं.

"घाबरून राह्यली. हिंगणघाट येईपर्यंत अर्धी होईन हे."

मग जेवण पोचवणारी पोरं पाठीवर घेतात तसली चौकोनी बॅग झाली. आकार चांगला, थर्माकोलला धक्का लागला नसता, पण आत हवा नाही. बाबांनी स्वतःचा चेहरा तिच्यात घालून पाहिलं आणि बाहेर काढून नकारार्थी मान हलवली. जाळीची भाजीची पिशवी झाली. तिच्यात हवा भरपूर, पण मादीच्या नख्या अडकल्या. दुकानदाराने कात्री घेऊन त्या सोडवल्या, स्वतःचीच पिशवी कापून. तोवर दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. त्यातल्या एका बाईने विचारलं, "अंडे देते का हे?" बाबांनी तिला सविस्तर उत्तर दिलं.

मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की बरेच महिने ज्या माणसाला 'पाणी हवं का' विचारलं तरी मान हलवून उत्तर मिळायचं, तो अनोळखी लोकांशी बोलतो आहे. दिसलं आणि मी पुढच्या बॅगेकडे पाहिलं.

शेवटी दुकानदारच म्हणाला, "काका, तुमची बॅग बनलेली नाई अजून. शिवूनच घ्या लागन." त्याने पलीकडच्या गल्लीतला एक कारागीर सांगितला. हा माणूस कूलरची कव्हरं, मोटारसायकलच्या सीटा, ट्रॅक्टरची छतं असलं काहीही शिवायचा. बाबा त्याच्या पुढ्यात बसले आणि दोघांची बोलणी सुरू झाली. खालचा भाग रेक्झिनचा, म्हणजे दाणे सांडणार नाहीत. मध्ये पुठ्ठा घालून कडक कप्पा, खोट्या कबुतरांसाठी. वरचा भाग रोपवाटिकेत लावतात त्या हिरव्या शेडनेटचा, दुहेरी. एकेरी असता तर नख्या पुन्हा अडकल्या असत्या. काड्यांसाठी बाजूला लांब खोळ, वर तोंड उघडं. पट्टा रुंद, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे आडवा.

"उजव्या खांद्यावर काऊन नाई?" कारागिराने विचारलं.

बाबांनी उजवा हात उचलून दाखवला, जितका उचलला जात होता तितका. कारागिराने मान डोलावली आणि चेनीची मूठ मोठी करून द्यायचं कबूल केलं, म्हणजे डाव्या हाताच्या अंगठ्याने ओढता येईल. हे बाबांच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच.

बॅग तयार झाली त्याच्या पुढच्या सुट्टीला आम्ही हिंगणघाटची बस धरली. खिडकीजवळची जागा मादीला मिळाली, म्हणजे बॅग घेऊन बाबा तिथे बसले. वायगावपर्यंत आतून घुमण्याचा आवाज येत होता. कंडक्टर वाकून म्हणाला, "काय हाय यात?" बाबांनी सांगितलं. तो म्हणाला, "खाली नका ठेवू, पत्रा गरम होते," आणि पुढे गेला.

मावशी स्टँडवर उभी होती. तिने जिनिंगच्या चौकीदाराशी आधीच बोलून ठेवलं होतं, तरी त्याने फाटकावर अडवलं. आत कापूस आहे, आग लागायची भीती, कोणालाही सोडता येत नाही, असं तो सांगू लागला. मावशी त्याच्या अंगावरच गेली. "अरे, थे काय बिडी प्याले आले का? त्यायचं कबूतर हाय तुह्या टिनावर. पोटचं लेकरू शोधाले यावं तसा आला हा माणूस, अन् तू कायदे सांगून राह्यला!" चौकीदाराने फाटक उघडलं. मला वाटतं, 'पोटचं लेकरू' ऐकून बाबांना जरा ओशाळल्यासारखं झालं.

कापसाच्या गंजींपासून दूर, मागच्या भिंतीलगत मोकळी जागा होती. बाबा सांगत गेले, मी मांडत गेले. काड्या, जाळं, दाणे, मोडक्या चोचीचं कबूतर पाठमोरं. मादीच्या पायाला फीत बांधायचं काम मात्र त्यांनी मला करू दिलं नाही. डाव्या हाताने आणि दातांनी त्यांनी गाठ मारली. मग आम्ही भिंतीच्या सावलीत दोरीचं टोक धरून बसलो.

थवा टिनांवरून उतरायला बराच वेळ लागला. आधी दोन आली, मग एकदम पुष्कळ. त्यात तो होता. मी त्याला पायातल्या कड्यावरून ओळखलं, बाबांनी त्याआधीच ओळखलं होतं. त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला. नर दाण्यांकडे निघाला, थांबला, मादीकडे पाहून गळा फुगवून एक गिरकी घेतली.

"थांब," बाबा पुटपुटले. "अजून आत येऊ दे."

तेवढ्यात मादीने पंख झाडले आणि ती उडाली. गाठ सुटली होती. तिच्याबरोबर सगळा थवा फडफडत उठला. मी गडबडीत दोरी ओढली, जाळं रिकाम्या दाण्यांवर पडलं. एक थर्माकोलचं कबूतर त्यात सापडलं. मादी टिनांवर बसली, मग टिनांवरूनही दिसेनाशी झाली.

मी बाबांकडे पाहिलं नाही. जाळं गुंडाळू लागले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "गाठ मले जमली नाई." आवाजात काही नव्हतं, नुसतं सांगितलं. मावशीने जेवायला थांबवून घेतलं. बाबा जेवले, मावशीच्या वांग्याच्या भाजीला चांगलं म्हणाले. परतीची बस अजून स्टँडवरच उभी होती तेव्हा आईचा फोन आला.

"अवो, तुमी मादी घेऊन गेलते नं? मंग हे इथं गच्चीवर कोन बसली?"

ती आमच्या आधी घरी पोचली होती. बाबा हसले. झटका आल्यापासून त्यांचं हसणं एका बाजूने थोडं वाकडं झालंय. बसमधल्या समोरच्या माणसाने वळून पाहिलं.

ही गोष्ट इथेच संपली असं मी धरून चालले होते. पुढच्या आठवड्यात मला परीक्षांचं काम होतं, पुन्हा लगेच जाणं शक्य नव्हतं आणि तसं मी सांगूनही टाकलं. बाबा बरं म्हणाले. गच्चीवर बसून ते गाठीचा सराव करत होते. आई सांगायची, दाराच्या कडीला फीत बांधतात, ओढून पाहतात, सोडतात, पुन्हा बांधतात.

एका दुपारी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. मागे गाड्यांचा गोंगाट.

"मी हिंगणघाटले हाव. स्टँडवर. सापडला."

माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते, "आई कुठे आहे?"

"घरी. तिले सांगूनच आलो. बोंबलली, मंग डबा देल्ला तिनं." मग ते म्हणाले, "दोरी मावशीनं ओढली. पण गाठ माही होती."

मी विचारलं, बसमध्ये जागा मिळाली का. ते म्हणाले, अजून बस लागायची आहे, आणि आता फोन ठेवतो, कारण हा फार घुमतो आहे, लोक पाहून राह्यले. मी फोन ठेवून समोरचे कागद पुन्हा वाचायला घेतले. एकच ओळ बऱ्याचदा वाचली असावी.

संध्याकाळी बोरगावला गेले तेव्हा नर खुराड्यात होता. पंखांची पिसं बाबांनी चिकटपट्टीने हलकी बांधली होती, थोडे दिवस उडून जाऊ नये म्हणून. मधल्या काळात मादीने एका पांढऱ्या नराशी जोडी जमवली होती. ती काळ्या पट्ट्यांच्या नराकडे ढुंकून पाहत नव्हती. तो तिच्यापुढे गिरक्या घेत होता आणि ती दाणे टिपत होती.

"आता?" मी विचारलं.

"आता काय," बाबा म्हणाले. "तिचं तिले पाहू दे."

पुढे मार्चच्या सुमारास तिने अंडी घातली, ती पांढऱ्याची. काळ्याला बाबांनी दुसरी मादी आणून दिली, पुलगावच्या एका माणसाकडून. तिला आणायला ते एकटेच गेले होते. मला दोन दिवसांनी कळलं.