प्रॉम्प्टरला बाहेर बसवा

आमच्या नाटक मंडळाचे किस्से कधी संपत नाहीत. मंडईतलं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतलं नाटक लोक आठ दिवसांत विसरतात, पण राजाची मिशी कुठल्या प्रवेशात पडली हे नातवंडांनाही सांगतात. मी या मंडळात तीस वर्षं प्रॉम्प्टर होतो, विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारा. शाळेत गुरुजी आणि मंडईत प्रॉम्प्टर. वाटलं होतं, म्हातारपणी जुनेच किस्से चघळत बसू. तर मागच्या हिवाळ्यात रूपालीने बिरसीजवळच्या आमच्या गावात चार दिवस शॉर्ट फिल्मचं शूटिंग केलं, आणि पुढच्या दहा वर्षांची सोय झाली.

रूपाली म्हणजे आमच्या तुळशीरामची मुलगी. तुळशीराम मंडळाचा हीरो. तीन अंकी नाटक त्याला दोन वाचनांत पाठ व्हायचं. त्याच्यासाठी मला कधी तोंड उघडावं लागलं नाही. आता त्याला डिमेन्शिया आहे. रूपाली नागपूरला नोकरी करते, दर शनिवारी येते आणि बॅग खाली ठेवायच्या आत विचारते, "बाबा, मी कोण?" वर्षभरात त्याने तिला एकदाही ओळखलेलं नाही. फिल्म त्यावरच होती. मला म्हणाली, "गुरुजी, बक्षीसबिक्षीस काही नको. एकदा त्यांनी मला ओळखावं, बस."

 

*

हा प्रश्न रूपालीचा एकटीचा नाही. तुळशीरामच्या घरी जो येतो, तो आधी त्याची तोंडी परीक्षा घेतो आणि मगच चहा पितो.

एकदा मुर्रीहून त्याचे साडू आले. खुर्ची ओढून अगदी समोर बसले. "सांगा बरं भाऊ, मी कोण?"

तुळशीराम बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग पुढे वाकला आणि आवाज खाली आणून, खऱ्या काळजीने विचारलं, "तुमाले बी आठवून नाही रायलं का?"

साडू त्या दिवशी चहा बशीत न ओतता गरमच प्यायले आणि निघाले.

*

फिल्ममधल्या बापाचं काम दमाजीला मिळालं. दमाजीने मंडळात जन्मभर खलनायक केला. रूपाली म्हणाली, "काका, चेहरा एकदम रिकामा ठेवा." दमाजीने केला. कॅमेऱ्यात दिसलं असं, की म्हातारा भावाचं धानाचं शेत लाटायच्या बेतात आहे.

"काका, भुवई खाली घ्या."

त्याने डावी खाली घेतली, तर उजवी वर गेली.

"काका, तुम्हाला काहीच आठवत नाहीये, असं समजा."

"कोणाले? मले?" दमाजीचा अपमान झाला. "एक शब्द विचार. माह्यं तं पाठ हायेच, नेहाचं बी पाठ हाये."

नेहा ही गोंदियाची कॉलेजची मुलगी, फिल्ममध्ये दमाजीची लेक सुमन झाली होती. दमाजीने तिची सगळी वाक्यं तिथल्या तिथे म्हणून दाखवली, तिच्या हुंदक्यांसकट.

त्यात त्याचा आवाज. मंडईत माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे, ही त्याची सवय. पहिल्याच वाक्याला साउंडवाल्याने कानावरचा हेडफोन काढून टाकला. म्हणाला, "काका, हळू बोला. माईक तुमच्या सदऱ्यातच लावलाय." दमाजीने मान खाली घातली आणि दुसऱ्या बटनाशी तोंड नेऊन ओरडला, "आता आयकू येते का?"

*

शूटिंग तुळशीरामच्याच घरापुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत होतं. त्यासाठी त्याच्या बायकोची, सगुणावहिनींची परवानगी लागली. त्यांनी दिली, पण मनापासून नाही.

रूपालीने दमाजीच्या सदऱ्यावर वरणाचे, चहाचे डाग स्वतः पाडले होते. विसराळू माणूस खरा वाटायला हवा ना. दुसऱ्या दिवशी पाहते तर सदरा धुतलेला, निळीत काढलेला, इस्त्री केलेला. तो घालून दमाजी थेट लग्नाला गेला असता तरी चाललं असतं. सपरीतला पसाराही गायब. जाळी झाडलेली, जमीन सारवलेली.

"आई, डाग पाहिजे होते मला!"

"कायले? लोक म्हणतील, बुढ्याकडं कोणी पाहत नाही."

"अगं, तो फिल्ममधला म्हातारा आहे."

"बुढा फिल्ममधला हाये. सपरी तं माहीच हाये ना?"

एवढं बोलून वहिनी आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच जोरात घासू लागल्या. दुखणं सुरू झाल्यापासून त्यांनी तुळशीरामला एक दिवसही चुरगळलेला सदरा घालू दिलेला नाही. मला त्या वेळी त्यांच्याकडे पाहवेना. रूपालीने डाग रद्द केले. फिल्ममधला म्हातारा इस्त्रीच्या सदऱ्यातच आहे.

*

बिरसीला विमान चालवायला शिकवतात. त्यामुळे आमच्या गावावर छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालतात. आम्हाला त्यांचा आवाज कधीच ऐकू येत नाही, साउंडवाल्याला मात्र दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. विमान आलं की कट. गेलं की पुन्हा सुरू. सुरू झालं की विमान हजर.

दहाव्या-बाराव्या वेळेस रूपाली कपाळाला हात लावून बसली. तुळशीराम बाजूला बाजेवर बसून वर पाहत होता. म्हणाला, "शिव्या नका देऊ त्याले. सकाळपासून फिरून रायला बिचारा. घर सापडून नाही रायलं त्याले."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या उठून त्याच्याजवळ जाऊन बसल्या, विमान उतरेपर्यंत.

*

आता माझा गुन्हा.

फिल्मचा मुख्य प्रसंग. सुमन बापासमोर बसते, विचारते, "बाबा, मी कोण?" आणि बाप नुसता पाहत राहतो. काही बोलत नाही. वीस सेकंद शांतता. रूपाली म्हणाली, सगळी फिल्म या वीस सेकंदांवर उभी आहे.

मला हे माहीत होतं. स्क्रिप्ट मीच तपासून दिली होती, ऱ्हस्व-दीर्घासकट. पण नट गप्प झाला आणि समोरचा वाट पाहतोय, हे दिसलं की प्रॉम्प्टर वहीत बोट ठेवून पुढचं वाक्य शोधू लागतो. पाच सेकंद झाली. दहा झाली. नेहाच्या डोळ्यांत पाणी आलं. विमानसुद्धा नव्हतं. आणि मी दाराआडून हळूच म्हणालो, "तू माझी सुमन."

दमाजीलाही तीस वर्षांची सवय. कानावर पडलं ते तोंडातून निघालं. दोन्ही हात पसरून, अख्ख्या मंडईला ऐकू जाईल असं, "तू माझी सुमन!"

"कट!" रूपाली रडवेली झाली. "गुरुजी, बाबांना आठवलं तर माझी फिल्मच संपली ना!"

मग हुकूम निघाला, प्रॉम्प्टरला बाहेर बसवा. मी अंगणात तुळशीरामच्या बाजेवर जाऊन बसलो. मला सांगितलं, त्याच्यावर लक्ष ठेवा. वहिनींना सांगितलं, या दोघांवर लक्ष ठेवा.

*

शेवटच्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा घेतला. मी तोंडात सुपारी धरली होती, म्हणजे काही निघायला नको. तुळशीराम माझ्या शेजारी, सपरीकडे तोंड करून.

नेहाने विचारलं, "बाबा, मी कोण?"

दमाजी गप्प. या वेळी भुवया जागेवर होत्या. चार दिवस तुळशीरामकडे पाहून पाहून त्याला ते जमलं होतं.

"सांगा ना बाबा. मी कोण?"

दमाजी पाहतोय. नेहा पाहतेय. रूपाली बोटांवर सेकंद मोजतेय. आणि बाज करकरली. मी तुळशीरामचा सदरा धरायला गेलो, पण तो उभा राहिला होता. ज्या आवाजाने कधीकाळी मंडई भरायची, तो आवाज किती वर्षांनी निघाला कोण जाणे.

"काऊन तरास देऊन रायले बाप्पा त्या बुढ्याले? पोरगी हाये ना त्याची? मंग सांगून टाका ना!"

कट म्हणायला कोणाला सुचलं नाही. रूपाली उठली. कॅमेऱ्यासमोरूनच चालत अंगणात आली आणि त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली.

"बाबा, मी रूपा. तुमची पोरगी."

तुळशीरामने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "जाय, त्या बुढ्याले सांग."