पान बासष्ट

वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला सगळे नुसतं बाइंडर म्हणत. एकवीस वर्षं तो तिथे होता, आणि एकवीस वर्षांत त्याने वाचणाऱ्या माणसांचा इतका मनापासून तिटकारा कमावला होता की दुसऱ्या कुणी तेवढ्या काळात घर बांधलं असतं. खोलीत एक लांब टेबल, लाकडी शिकंजा, खळीचं पातेलं, दाभण, दोऱ्याची रिळं आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठे. खिडकी एकच, तीही अंगणाकडे नाही, तर थेट वाचनकक्षाकडे उघडणारी. त्या खिडकीतून समोरच्या भिंतीवरचा हिरवा फळा दिसायचा. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे वाचाच!’

सभासदाने आवडलेल्या पुस्तकाची शिफारस चिठ्ठीवर लिहायची, खाली आपला सभासद क्रमांक घालायचा आणि चिठ्ठी फळ्यावर टोचायची, अशी तिथली पद्धत होती. चिठ्ठ्यांना तोटा नव्हता. अवकाशावरचं पुस्तक, मधुमेहावरचं, गुलाबाच्या कलमांवरचं, मन शांत ठेवण्यावरचं, जुन्या लढायांवरचं, विषय कोणताही असो, उत्साह एकच. ‘आयुष्य बदलून टाकणारे पुस्तक.’ ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे.’ ‘एकदा हातात घेतले की खाली ठेववत नाही.’ निवृत्त मुख्याध्यापक आठवड्याला तीन चिठ्ठ्या लावायचे. ज्या माणसाने नोकरीत असताना मुलांना प्रयोगशाळेचं कुलूप उघडू दिलं नाही, तो आता कृष्णविवरांबद्दल लोकांना हळवं व्हायला सांगत होता. दातांचे डॉक्टर ध्यानधारणेवरच्या पुस्तकांची शिफारस करत आणि फोनवर आपल्या मदतनीस बाईवर इतक्या जोरात खेकसत की बाइंडरच्या सुईतला दोरा निसटायचा.

बाइंडरला या मंडळींचं सगळं बिंग ठाऊक होतं. माणूस काय वाटेल ते लिहील, पण पुस्तकाच्या अंगावर जे उमटतं ते पुसता येत नाही. वाचलेल्या पानांची कड बोटांनी काळवंडते, न वाचलेल्या पानांची पांढरीच राहते. पुस्तक मिटून बाजूने बघितलं की वाचणारा कुठपर्यंत पोचला ते नदीच्या पुराची खूण बघावी तसं दिसतं. फळ्यावरच्या बहुतेक पुस्तकांचा पूर तिसाव्या पानाच्या आसपास ओसरलेला असायचा. पुढे कोरडं ठणठणीत.

त्याच्या टेबलाच्या खणात एक पुस्तक त्याने मुद्दाम राखून ठेवलं होतं. अवकाशावरचं, जाडजूड, चौदा शिफारशी मिळालेलं. छापखान्याच्या चुकीमुळे त्यातला एक अख्खा फर्मा कापायचा राहिला होता, म्हणजे सत्त्याण्णव ते एकशे बारा ही पानं कडेला एकमेकांना चिकटलेलीच होती. ती उघडायची तर सुरी लावावी लागली असती. चौदा जणांनी पुस्तक ‘अधाशासारखं’ वाचलं होतं आणि सुरी एकानेही लावली नव्हती. आता त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर निखळलं होतं, ते हातात धरून मिरवल्यामुळे, असं बाइंडरचं मत. मन उदास झालं की तो खण उघडायचा, ती जोडलेली पानं बघायचा आणि त्याला बरं वाटायचं.

“तुम्ही स्वतः का नाही वाचत?” ग्रंथपाल बाईंनी एकदा विचारलं होतं.

“मी बघतो,” तो म्हणाला होता. “वाचणाऱ्यांपेक्षा मला जास्त कळतं.”

एकवीस वर्षांत त्याने एकही पुस्तक घरी नेलं नव्हतं. कामगार म्हणून त्याला फुकट सभासदत्व मिळालं होतं, क्रमांक तीनशे अठरा. त्या कार्डाचं काय झालं हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं.

त्या वर्षी वाचनालयाला नव्या अध्यक्षीणबाई मिळाल्या आणि उथळ पाण्याला खळखळाट फार, तशी योजना आली. कपाटं भरली होती, नवी पुस्तकं ठेवायला जागा नव्हती. बाईंनी जाहीर केलं की ज्या पुस्तकाची वर्षभरात एकाही वाचकाने शिफारस केली नाही ते बाद. ग्रंथपाल बाईंनी दबकत सुचवलं की किती वेळा पुस्तक बाहेर गेलं तेही बघावं. अध्यक्षीणबाई हसल्या. “आकडे काय सांगणार? प्रेम चिठ्ठीतच दिसतं,” त्या म्हणाल्या, आणि मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतः मुख्याध्यापकांनी त्या सभेत पाच पुस्तकांची नावं घेतली. त्यातल्या दोन पुस्तकांच्या कडा बर्फासारख्या पांढऱ्या होत्या.

बाद पुस्तकं मागच्या खोलीत येऊ लागली. बाइंडरचं काम ठरलेलं होतं. पुस्तकाच्या मागच्या खिशातलं नोंदकार्ड काढून कचेरीत द्यायचं, पाठीवरून सुरी फिरवून पानं रद्दीच्या गठ्ठ्यात टाकायची आणि चांगले पुठ्ठे राखून ठेवायचे. मेलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यांत जिवंत पुस्तक बांधायचं, ही त्याची जुनी काटकसर होती. बाद पुस्तकांबद्दल त्याला काही वाटत नव्हतं. वाचणारे खोटे, तर पुस्तकं कुठली खरी, असा त्याचा सरळ हिशोब होता.

गुरुवारी सकाळी त्याने अवकाशाचं पुस्तक खणातून काढलं. चौदा प्रेमिकांसाठी ते पुन्हा बांधायचं होतं. मापाचे पुठ्ठे शोधताना बाद गठ्ठ्यातलं एक पुस्तक हाताला लागलं. पुठ्ठे अगदी हवे तेवढे. त्याने सवयीने ते मिटून बाजूने बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काळी होती. पूर कुठेच ओसरला नव्हता. कोपरे कापडासारखे मऊ झाले होते, पानांवर तेलाचे, औषधाचे, पाण्याचे डाग होते. शिवण तीनदा नवी घातलेली होती, आणि टाके त्याच्याच हातचे होते. म्हणजे हे पुस्तक तीन वेळा त्याच्या मांडीवर येऊन गेलं होतं आणि तिन्ही वेळा त्याने त्याची पाठ तेवढी बघितली होती. आता त्याने पहिल्यांदा नाव वाचलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरच्या घरी काळजी कशी घ्यावी, असं त्या पुस्तकाचं साधंसुधं नाव होतं. शिफारशी शून्य.

शून्य असणारच, त्याच्या मनात आलं. ज्याला हे पुस्तक लागतं तो फळ्यापाशी उभा राहून कशाला चिठ्ठ्या टोचत बसेल?

त्याने मागच्या खिशातलं कार्ड काढलं. तारखांचे शिक्के आणि सभासद क्रमांक, दोन्ही बाजू भरलेल्या. मधल्या एका भागात एकच क्रमांक ओळीने नऊ वेळा होता. तीनशे अठरा.

तो कार्ड घेऊन तडक ग्रंथपाल बाईंकडे गेला. “हा माझा नंबर कुणी वापरला?”

बाईंनी चष्मा वर सरकवला. “तुमच्या मिसेसनी. तुमचा डबा द्यायला यायच्या ना दुपारी? तेव्हा न्यायच्या. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.”

त्याला ठाऊक नव्हतं. त्याची आई साडेतीन वर्षं अंथरुणात होती. तिच्या उशाशी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं काहीतरी असायचं, ते त्याने पाहिलं होतं, पण ते काय आहे हे विचारलं नव्हतं. पुस्तकं बांधून पोट भरणाऱ्या माणसाला घरातलं पुस्तक ओळखता आलं नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बायको आईला ठरावीक वेळाने कुशीवर वळवायची, तिला न उचलता तिच्याखालची चादर बदलायची, टाचांखाली घडी घातलेला टॉवेल ठेवायची. हे सगळं तिला कुठून येतं असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. बायकांना येतंच ते, असं त्याने धरून चालवलं होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली त्या दिवशी डॉक्टरांनी तिची पाठ बघितली. इतक्या काळात एक जखम नव्हती. “फार छान सांभाळलंत तुम्ही,” ते म्हणाले, आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. त्यानेही तो घेऊ दिला.

बाइंडर परत खोलीत येऊन बसला. त्याला लाज वाटली. इतकी वाटली की त्याने खिडकीचं दार लावून घेतलं.

“शनिवारी गठ्ठा उचलणार होते,” ग्रंथपाल बाई दारात येऊन म्हणाल्या. “मी सोमवारवर ढकललंय. तोपर्यंत एक चिठ्ठी आली तर हे राहील. नियम म्हणजे नियम.”

रविवारी दुपारी त्याने आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाचं पुस्तक घरी वाचायला घेतलं. सगळं वाचून मगच चिठ्ठी लिहायची असं त्याने ठरवलं होतं. आपण काही मुख्याध्यापक नव्हे. पहिलं प्रकरण खोली कशी असावी यावर होतं, दुसरं हात धुण्यावर. अठ्ठाविसाव्या पानावर त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पुस्तक छातीवर पालथं पडलं होतं. त्याने ते मिटून बाजूने बघायचं टाळलं.

मग त्याने टेबलाशी बसून चिठ्ठी लिहायला घेतली. एक तास गेला. लिहून झालं ते बायकोला वाचून दाखवायला तो आतल्या खोलीत गेला. ती इस्त्री करत होती.

“‘अत्यंत उपयुक्त. प्रत्येक घरात असायलाच हवे,’” तो वाचू लागला. “‘एकदा हातात घेतले की खाली ठेववत नाही.’”

तिने इस्त्री उभी केली आणि त्याच्या काखेतलं पुस्तक पाहिलं. “अगंबाई, हे अजून आहे?” तिने ते हातात घेतलं. तिने उघडायला जायच्या आतच ते एका पानावर आपोआप उघडलं. “खाली ठेववत नाही म्हणे! अहो, एका हाताने आईंना धरायचं आणि दुसऱ्याने पान उलटायचं. सारखं खालीच तर ठेवावं लागायचं.”

त्याने चिठ्ठी दुमडली.

“तुम्ही वाचलंत का हे?”

“अठ्ठावीस पानं.”

ती हसली. चिडून नाही, पण त्याला चिडलेली परवडली असती. “ती पहिली पानं उगीच आहेत. त्यात काही नाही. लिहा, मी सांगते.”

तो खुर्ची ओढून बसला. एकीकडे इस्त्री चालू ठेवून ती सांगत गेली. “आधी पान बासष्ट वाचा. माणसाला न उचलता चादर कशी बदलायची ते तिथे आहे. चित्र उलटं छापलंय, डावीकडचं उजवीकडे धरा. पान ऐंशीवर टाचांचं आहे, ते विसरू नका, सगळे पाठच बघतात. शेवटच्या प्रकरणात काळजी घेणाऱ्याने रोज तासभर झोपावं असं लिहिलंय. ते जमत नाही. पण लिहिलंय तेवढंही बरं वाटतं.” मग ती थांबली. “झालं. एवढंच.”

एकवीस वर्षांत त्या फळ्यावर इतकी कामाची चिठ्ठी कुणी लावली नव्हती. अध्यक्षीणबाईंना यात प्रेम दिसलं नसतं, पण त्यांना काय, वेष्टन चकचकीत असलं की त्या मिठालाही साखर म्हणतील.

“खाली सभासद क्रमांक घालावा लागतो,” तो म्हणाला. “कार्ड माझं आहे. म्हणजे नाव माझंच लागणार.”

“घाला की तुमचंच,” ती सदऱ्याची बाही पसरत म्हणाली. “आईंच्या वेळी शाबासकीसुद्धा तुमच्याच नावावर पडली होती. तेव्हा मी काही बोलले का?”

तिने ते इतक्या सहज म्हटलं की त्याला कळलं, हे वाक्य तीन वर्षं घडी घालून ठेवलेलं होतं.  ती बाही इस्त्री करून झाली, मग दुसरी, मग कॉलर.

सोमवारी सकाळी त्याने चिठ्ठी ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवली. मुख्याध्यापक तिथेच उभे होते, त्यांनी ती उचलून वरच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. “वा, बाइंडर! तुम्हीही वाचता तर! पान बासष्ट, हे छान आहे हं. परवाच्या वाचकमेळाव्यात मी सांगतो सगळ्यांना, वाचाच म्हणून.” त्यांनी खिशातून डायरी काढून ते टिपून घेतलं आणि पुस्तकाला हातही न लावता ते निघून गेले. एरवी या एका प्रसंगावर बाइंडरचा आठवडा मजेत गेला असता. आज तो चिठ्ठीकडेच बघत राहिला.

ग्रंथपाल बाई चिठ्ठीचा तळ वाचत होत्या. तिथे लिहिलं होतं, ‘सभासद तीनशे अठरा. वाचले त्याच्या बायकोने. त्याने नाही.’

“‘त्याने नाही’ हे कशाला?” त्या म्हणाल्या. “तेवढं खोडून टाका ना. बरं दिसत नाही.”

“बाकी सगळं तिने सांगितलंय,” बाइंडर म्हणाला. “तेवढं एकच माझं आहे. राहू दे.”

बाईंनी चिठ्ठी फळ्यावर टोचली. मग त्याने बायकोसाठी नव्या सभासदत्वाचा अर्ज मागून घेतला, तो घडी करून खिशात ठेवला आणि अवकाशाच्या पुस्तकासाठी दुसरे पुठ्ठे शोधायला तो मागच्या खोलीत गेला.