जुळीची डावी बाजू

आमच्या मोटरसायकलच्या कारखान्यात एकच माणूस असा होता, ज्याच्या नखांत ग्रीसऐवजी माती असायची. नवी गाडी लोखंडात उतरायच्या आधी मातीत घडते. तिची टाकी, मडगार्ड, सीटचा उतार, सगळं आधी हातानं खरवडून बघतात. ते काम यांचं. म्हणून सगळे त्यांना कुंभार म्हणायचे, आणि मी कुंभारकाका. माझं टेबल त्यांच्या शेजारी. त्यांनी घडवलेलं मी मोजायचे. मापाच्या काट्याचं टोक मातीवर टेकवायचं, आकडा लिहायचा, बोटभर सरकायचं, पुन्हा टेकवायचं. सात वर्षं आम्ही त्या खोलीत काढली. तेवढ्या काळात काकांची उजवी बाजू आणि डावी बाजू यांत मला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक कधी सापडला नव्हता.

कंपनी फार जुनी, आणि जुनं दिसणं हाच तिचा धंदा. गाड्या पाच. कागदावर त्यांना भारदस्त नावं होती, पण कारखान्यात त्या बहिणी होत्या. थोरली म्हणजे गोल दिव्याची, थेंबासारख्या टाकीची, कंपनी सुरू झाल्यापासून जवळजवळ तशीच. मधली तिच्याच इंजिनावर, फक्त हँडल उंच, लांबच्या प्रवासाला. बुटकी आरामखुर्चीसारखी. डोंगरी लांब पायांची, दगडधोंड्यांतून जाणारी. आणि धाकटी, हलकी, लाडावलेली, सगळ्यांत जास्त खपणारी.

"पाचही जणींचं नाक एकच," काका म्हणायचे. "केस तेवढे वेगळे विंचरलेत." नाक म्हणजे टाकी.

मग साहेबांनी सहावी आणायचं ठरवलं. सहावी म्हणजे नवी नव्हे, तर मागं पडलेली. अर्ध्या शतकापूर्वी कंपनीनं दोन सिलिंडरची गाडी काढली होती. कामगारांनी तिचं नाव जुळी ठेवलं. ती जेमतेम दोन वर्षं निघाली, खपली नाही, बंद पडली. पुढं एकदा गोदामात पाणी शिरलं आणि तिच्या सगळ्या ड्रॉइंगचा लगदा झाला. उरले दोन फोटो, दोन्ही उजव्या बाजूचे.

"डावी बाजू आरशात बघितल्यासारखी धरा," साहेब म्हणाले.

काकांनी फोटो परत केले. "मला नकोत. मी बसलोय या गाडीवर."

त्या दिवशी डबा खाताना त्यांनी मला सांगितलं. त्यांचे वडील शिवणयंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरायचे आणि त्यांच्याकडे जुळी होती. ते मुलाला पुढं टाकीवर बसवायचे. मुलगा सहा वर्षांचा असताना एका सकाळी वडील कामाला गेले ते परत आलेच नाहीत. दोन दिवसांनी शेजारीण सांगत आली की तिनं बसच्या खिडकीतून त्यांना पाहिलं, मागं फुलाफुलांच्या साडीतली बाई बसली होती. आईनं ऐकून घेतलं, दार लावलं आणि पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही. पोलिसांत गेली नाही, कुणाला शोधायला पाठवलं नाही.

"आई अजून म्हणते, तो माणूस गेला तर गेला," काका म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

जुळीची टाकी त्यांनी अकरा दिवसांत घडवली. एरवी महिना लागतो. ते मातीकडे बघतच नव्हते. खिडकीबाहेर बघत, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत हात चालवायचे. बाराव्या दिवशी मी मोजायला बसले. उजवी बाजू सुरेख होती. डावीकडे काटा एका जागी आत गेला, नऊ मिलिमीटर. गुडघा टेकतो त्याच्या थोडं वर, तळहाताएवढा लांबट खळगा होता.

"काका, डावीकडे खड्डा पडलाय."

त्यांनी हात फिरवला. "अरेच्चा! हे कधी झालं?" लगेच गरम करून मऊ केलेली माती भरली, पट्टीनं सारखी केली. मी मोजलं. सपाट.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टाकीची मागची कड घासत होते आणि मी आकडे लिहीत होते. घासण्याचा आवाज थांबला म्हणून मी वर पाहिलं. त्यांचा डावा अंगठा त्याच जागी होता. दाबत होता, सरकत होता, पुन्हा दाबत होता, अगदी सावकाश. चेहरा खिडकीकडे आणि तोंडानं मला सांगत होते की यंदा पंखे बदलायला हवेत. मी हाक मारली तेव्हा त्यांनी अंगठा उचलला आणि मातीकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणी तिथं हात घातला होता.

मी काटा टेकवला. नऊ.

तीनदा भरलं, तीनदा तो खळगा परत आला. चौथ्यांदा काकांनी डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली. त्या दिवशी उजव्या अंगठ्यानं तो पाडला. मग आम्ही त्याबद्दल बोलणंच सोडलं. साहेबांना मी उजव्या बाजूचेच आकडे दिले.

दरम्यान कंपनीनं पेपरात जाहिरात दिली होती की कुणाकडे जुनी जुळी असेल तर कळवा. महिन्याभरानं डोंगराकडच्या एका गावातून मेकॅनिकचा फोन आला. शेडमध्ये एक पडून आहे म्हणाला. ट्रकनं गाडी आली. सीट उंदरांनी खाल्लेली, चाकं गंजलेली, पण टाकी शाबूत. आम्ही ती टेबलाशेजारी उभी केली. काका उजव्या बाजूला उभे होते. मी डावीकडे गेले आणि तिथंच थांबले.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

मी काटा आणला. तीच जागा. तोच तळहाताएवढा लांबट खळगा. आठ पूर्णांक आठ दशांश.

काका वळसा घालून आले. त्यांनी खळग्याला हात लावला नाही. खाली बसून इंजिनावरचा नंबर फडक्यानं पुसला, कागदावर उतरवून घेतला आणि सुट्टी न मागता घरी गेले. गाडीचे कागद आईच्या ट्रंकेत होते. नंबर तोच निघाला.

मी स्वतःची समजूत काढली होती. लहानपणी त्या टाकीवर बसलेलं पोर, हाताला खळगा लक्षात राहिला असेल. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ती समजूतही गेली. काकांची आई पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ताठ.

"खड्डा?" ती म्हणाली. "त्याच्या गाडीला? माशी बसली तरी फडकं घेऊन धावायचा तो. ओरखडा नव्हता तिच्यावर. गेला त्या सकाळीसुद्धा नव्हता. मी अंगणातच उभी होते."

म्हणजे खड्डा नंतरचा. काकांनी कधी न पाहिलेला. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्या हातांकडे.

मेकॅनिककडून सह्या घ्यायच्या होत्या, म्हणून कंपनीनं मला मोटार दिली. काका आले. आईला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती येऊन मागच्या सीटवर बसली. पोचायला दोन तासही लागले नाहीत. मेकॅनिक काकांच्याच वयाचा, बोलका माणूस. आम्ही कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

"माझा बाप ट्रक चालवायचा," तो म्हणाला. "वरच्या वळणाखाली ही दरीत दिसली त्याला. डाव्या अंगावर, एका खडकावर पडलेली. दोरखंड लावून वर काढली. माणूस कुठंच नव्हता. चौकीवर सांगून ठेवलं, पण कुणी विचारायलाच आलं नाही."

आईनं विचारलं, "आणि बाई?"

"कसली बाई?"

"मागं बसलेली."

"छे! मागं गादी होती. लहान पोराची, नवीकोरी. गुंडाळून उभी बांधलेली, फुलाफुलांच्या कापडाची." तो हसला. "तिच्यावर दोन वर्षं मीच झोपलो. बापाला म्हणायचो, कोरी गादी दरीतनं कशी काय येते?"

काका आईकडे वळले. मेकॅनिकला वाटलं आपलं काही चुकलं. त्यानं चहा ठेवला.

मग तो आम्हाला वळणावर घेऊन गेला. भर दुपार होती, ऊन कडक, तरी दरीतून गार वारा वर येत होता. आईला वर कठड्यापाशी बसवून आम्ही तिघं खाली उतरलो. खाली खडक बरेच होते. मेकॅनिकला नेमका कोणता ते आठवेना. काकांनी डोळे मिटले आणि एकेका दगडावर हात टेकत पुढं निघाले, अंधारात भिंत चाचपतात तसे. सहाव्या की सातव्या दगडाशी थांबले.

"हा," ते म्हणाले.

त्या दगडाला तळहाताएवढा फुगवटा होता. माझ्या पिशवीत काटा होता. मी तो बाहेर काढला नाही.

आणखी काही मिळालं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत झाडं वाढली होती, ओढ्यानं दोनदा वाट बदलली होती. नंतर काकांनी चौकीवर अर्ज दिला, चार माणसं दोन दिवस शोधून गेली. एक बूटसुद्धा सापडला नाही.

आम्ही वर आलो तेव्हा आई दरीकडे बघत होती.

"जेवले नव्हते ते," ती म्हणाली. "उशीर होतोय म्हणून तसेच निघाले होते."

आतापर्यंत आई त्यांना नेहमी 'तो' म्हणायची. काकांनी कठडा घट्ट धरला.

जुळी पुढच्या वर्षी बाजारात आली. डावी बाजू शेवटी संगणकावर उजवीवरून उलटी करून घेतली, अगदी गुळगुळीत. गाडी चांगली चालली. जुनी जुळी कंपनीनं मोठ्या काचेच्या दालनात ठेवली. काका तिकडे फिरकले नाहीत. आई मात्र एकदा नातीला घेऊन आली, गाडीशेजारच्या खुर्चीत तासभर बसली आणि जाताना टाकीवरची धूळ पदरानं पुसून गेली.

काका अजून माझ्या शेजारच्या टेबलावर आहेत. धाकटीची नवी टाकी चालली आहे. घरी जाताना ते मातीवर कापड टाकतात. सकाळी येतात, खुर्ची भिंतीकडे वळवून बसतात आणि मला म्हणतात, "तू काढ कापड. आधी तू बघ."

मी बघते, दोन्हीकडून हात फिरवते आणि सांगते, "काही नाही, काका."

तेव्हा ते वळतात.