गॅलरीतून दिसणारी वाट

नवऱ्याची अंबडच्या कारखान्यातली नोकरी पक्की झाली आणि आम्ही पाथर्डी फाट्याच्या पुढे एका नव्या इमारतीत राहायला आलो. नव्वदीची मधली वर्षं होती ती. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीखाली लगेच भाजीचं वावर, आणि त्याच्या पलीकडे पांडवलेण्यांचा डोंगर.

कॅमेरा घेतला होता नणंदेच्या लग्नासाठी, देवळाली कॅम्पच्या बाजारातून. साधा, रोलचा. फोटोच्या कोपऱ्यात लाल आकड्यांत तारीख उमटायची, त्याचं आम्हाला फार अप्रूप होतं. लग्न झालं, रोलमध्ये थोडे फोटो उरले. वाया जाऊ नयेत म्हणून एका सकाळी मी गॅलरीतून एक काढला. धुक्यात अर्धं बुडालेलं मेथीचं वावर. रोल धुऊन आला तेव्हा लग्नाच्या फोटोंपेक्षा तोच जास्त वेळ बघत बसले.

मग सवयच लागली. एक रोल चार-पाच महिने पुरवायचा, म्हणजे आठवड्याला एक-दोनच फोटो. श्रावणात डोंगर इतका हिरवा की डोळ्यांना थंड वाटायचं. दिवाळीपर्यंत तो वाळक्या गवताच्या रंगाचा व्हायचा आणि मार्चमध्ये वणव्याचे काळे पट्टे ओढल्यासारखा दिसायचा. दसऱ्याआधी शेवंती फुलायची. पाणी भरलेल्या सऱ्यांतून बगळे फिरायचे. नवरा अल्बम चाळून म्हणायचा, "नुसती भाजीच आहे की यात."

वावर दोन भावांचं होतं. रस्त्याकडचा तुकडा थोरल्याचा, मागचा धाकट्याचा. धाकट्याची बायको सकाळी इमारतीखाली टोपली घेऊन बसायची. मी तिच्याकडूनच भाजी घ्यायचे. एकदा तिला शेवंतीचा फोटो दिला, तर तिने तो पदराला पुसून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाली, "आमचं वावर एवढं देखणं हाय व्हय, ताई!"

सात-आठ वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्यात मी गॅलरीत आले तर थोरल्याच्या तुकड्यात ट्रॅक्टर चालला होता. बांधालगतची वाट, जिच्यावरून धाकटा आपल्या तुकड्यात जायचा, ती नांगरली जात होती. दुसऱ्या दिवशी तिथे बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. तारेची वेटोळीही आली.

आठवड्याभराने धाकट्याची बायको वर आली. आत यायला सांगितलं तरी दारातच उभी राहिली.

"ताई, तुमच्या फोटूंमधी आमची वाट दिसती का?"

"का गं?"

"भाऊजी म्हणत्यात, वाट कधी नव्हतीच. गेल्या वर्षापासून मेहेरबानी म्हणून जाऊ देतो, असं तहसील कचेरीत लिहून दिलंय त्यांनी. पाहणीला साहेब येणार हायेत. भाजी डोक्यावर घेऊन नाल्यातून जावं लागतंय आम्हाला."

बघून सांगते म्हणाले. ती गेल्यावर अल्बम काढला. वाट होती. धुक्यात होती, शेवंतीच्या कडेने होती, वणव्याच्या दिवसांत पांढरी पडलेली होती. इतकी वर्षं मी डोंगर आणि फुलं बघत होते. वाटेकडे माझं लक्षच नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"आपण यात पडायचं नाही. उद्या त्यांचं गोड होईल, वाईट आपण ठरू."

"पण ती खरं बोलतेय."

"असेल. तिला दुसरे साक्षीदार मिळतील."

बातमी कशी पोचली कोण जाणे. दोन दिवसांनी थोरला स्वतः आला. धुवट पांढरे कपडे, आवाज अगदी मऊ. मी चहा ठेवला. त्याने घोटभर घेतला आणि गॅलरीत जाऊन खाली बघत राहिला.

"हितून सगळं दिसतं की वहिनी."

"हो."

"तुमच्या बिल्डिंगची पाण्याची लाइन माझ्याच वावरातून गेली हाय. आजवर मी कधी काही बोललो का?"

मी नाही म्हणाले.

"तेच म्हणतो मी. शेजार हाय, जपला पाहिजे."

तो गेला तरी हातातली बशी खाली ठेवायचं मला सुचलं नाही. त्यानंतर जिन्यात भेटेल तो शेजारी थांबवू लागला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी स्पष्टच विचारलं, "पाणी बंद झालं तर तू भरणार आहेस का सगळ्यांचं?" मला रात्री नीट झोप लागेना. सकाळी टोपलीपाशी जायची लाज वाटायची, म्हणून दोन दिवस डाळीवरच भागवलं. तिसऱ्या दिवशी धाकट्याची बायको वर बघत होती आणि मी पडद्याआड सरकले. मी पडद्याआड सरकले, हेच मला सहन झालं नाही.

पाहणीच्या दिवशी अल्बम पिशवीत घालून खाली उतरले. नवरा कारखान्यात अर्धी सुट्टी टाकून मागोमाग आला.

कुंपणापाशी पंधरा-वीस माणसं होती. साहेबांनी अल्बम जीपच्या बॉनेटवर ठेवून चाळायला सुरुवात केली. थोरला पुढे झाला.

"साहेब, त्या तारखा बघा. एका फोटूत तर वर्षच भलतं हाय. असल्या कॅमेऱ्यावर काय विश्वास ठेवायचा?"

तो खरं बोलत होता. सेल बदलला की तारीख बिघडायची आणि आम्ही कित्येक महिने ती लावायचो नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणाले. "तारखा धरू नका." धाकट्याच्या बायकोचा चेहरा उतरला. मी घाईने पानं उलटली. "पण हे बघा, डोंगराच्या अलीकडे पाण्याची टाकी बांधत होते ना, ती. इथे नुसते खांब आहेत. इथे अर्धी झाली. इथे रंग दिला. टाकी होऊन चार-पाच वर्षं झाली, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि वाट तिन्ही फोटोंत आहे."

साहेबांनी तिन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. मग थोरल्याला जवळ बोलावून खांबांच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा बैल घेऊन वाटेवर कोण चाललाय?"

थोरल्याने चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ नेला.

"मीच हाय," तो म्हणाला.

दीड-दोन महिन्यांनी हुकूम झाला आणि कुंपण निघालं. थोरल्याने स्वतःच्या हाताने काटे ओढून काढले, कुणाला बोलावलं नाही. पाणी काही त्याने तोडलं नाही. पण माझ्याशी तो पुन्हा कधी बोलला नाही. समोर आला की रस्ता बदलायचा. दोघा भावांचं बोलणं त्याआधीच तुटलं होतं, ते तसंच राहिलं.

त्यानंतर मी कॅमेरा घेऊन पहिल्यांदा गॅलरीत गेले तो कोथिंबिरीचा हंगाम होता. खुडणाऱ्या बायकांनी मान वर केली. कुणी पदर सावरला, कुणी हातातलं काम थांबवलं. थोरल्याच्या गड्याने पाठ फिरवली. मी फोटो न काढताच आत आले.

पुढची दोन वर्षं मी रोल आणला नाही. धाकट्याची बायको मात्र रोज मेथीच्या जुडीवर कोथिंबीर जास्तीची ठेवायची. एका सकाळी तिनेच हटकलं, "ताई, शेवंती फुलली. फोटू नाय काढत आता?"

"लोकांना आवडत नाही गं."

"माझा काढा की. वाटेवर उभी राहते मी, मग कुणाला काय वाटायचं?"

ती खरंच जाऊन उभी राहिली, डोक्यावर टोपली, दोन्ही हात ताठ. मी नवऱ्याच्या सायकलवरून फाट्यावर जाऊन रोल आणला. परत येईपर्यंत अर्धा तास झाला होता. ती उन्हात तशीच उभी होती आणि वरूनही दिसत होतं की ती हसतेय.