डोक्यावर अकरा किलो

गुणाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं वजन केलं. खरोखरच, काट्यावर. मला लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची नोकरी लागली होती आणि भागवतरावांच्या वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे असं कळल्यामुळे मी त्यांचं दार वाजवलं होतं. त्या काळी मी उतरलो की रिक्षा आनंदाने हातभर वर उडत असे. मी उभा राहिलो की आजूबाजूची दुकानदार मंडळी ढग आले म्हणून बाहेर ठेवलेलं सामान आत घेत. अशा मला दारात उभ्या असलेल्या पाच फुटी, नऊवारीतल्या बाईंनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्या नजरेने मी जागच्या जागी दीडेक किलो उतरलो असेन. पण ते पुरेसं नव्हतं.

"सर, तुमचं वजन किती हाय?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी मला ओसरीतल्या धान्याच्या काट्यावर चढवलं. काट्याने एकशे चार सांगितलं.

"भागवत, हा माणूस माझ्या डोक्यावर नको."

"अगं माय, सर आहेत ते," भागवतराव म्हणाले.

"सर असू दे. पडला तर एकशे चारच पडणार."

मला खालची, रस्त्याकडची खोली मिळाली.

हा वेडेपणा कुठून आला ते हळूहळू कळलं. गुणाबाई औसा तालुक्यातल्या एका गावच्या. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे दावं तोडून सुटलेली म्हैस बांधायला त्या बाहेर आल्या होत्या. नवरा, अण्णाराव, आत झोपला होता. त्यानंतर सहा वर्षं त्यांनी सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये काढली. मुलगा भागवत जिल्हा परिषदेत लागला, त्याने लातुरात घर बांधलं आणि आईला आणलं. आईने स्लॅबकडे पाहिलं, घरामागच्या परसात गेली, दोन बांबूंवर ताडपत्री बांधली आणि तिथेच बाज टाकली. दिवसा स्वयंपाकापुरती आत, झोपायला बाहेर. सूनबाई आरतीने तीन हिवाळे समजावलं आणि मग एक जास्तीची गोधडी शिवून दिली.

पण लातुरात तोवर कोचिंगचं पीक जोरात आलं होतं. दहावी झालेलं प्रत्येक मूल ट्रंक घेऊन इकडेच निघाल्यासारखं वाटे. ज्याच्या घरात जिना होता त्याने जिन्याखाली मेस काढली, ज्याच्याकडे गोठा होता त्याने म्हशी विकून कॉट मांडल्या. भागवतरावांनाही परसाच्या जागी वसतिगृह दिसू लागलं.

"माय, तुझी ताडपत्री काढायला पाच मिनिटं लागतात," ते एकदा जेवताना म्हणाले.

"मग पान्हा लागंल असं काहीतरी लावते."

"लाव. ते उभं आहे तोवर मी एक वीट ठेवणार नाही."

भागवतरावांचा हिशेब सरळ होता: आई लावणार, पहिल्या वाऱ्यात ते पडणार आणि विषय संपणार. आरती ताक वाढता वाढता म्हणाली, "साक्षीदार सर."

अशा रीतीने मी साक्षीदार झालो आणि पुढच्या रविवारी, इंग्रजी वाचता येतं म्हणून, गुणाबाईंबरोबर नांदेडला एका बागसामानाच्या दुकानात गेलो. तिथे परसात किंवा गच्चीवर उभे करायचे तयार गझिबो, म्हणजे चार खांबांवरचे मांडव, खोक्यात मिळत. दुकानदार बसवंत देगलूरकडचा, जिभेवर साखर असलेला माणूस. त्याने लोखंडी सांगाडा आणि वर लाल पत्रा असलेला गझिबो दाखवला.

"अक्का, वीस वर्षं बघायला नको. एकूण दीडशे किलो माल आहे."

"एकूण नको. डोक्यावरचं सांगा."

बसवंताला असं गिऱ्हाईक आजवर भेटलं नव्हतं. रंग विचारणारे भेटले होते, गंज लागेल का विचारणारेही भेटले होते. गुणाबाईंनी पिशवीतून लोंबता काटा काढला आणि दुकानातल्या पाचही गझिबोंची छतं सुटी करून तोलायला लावली. नक्षीचा लाकडी बाद झाला. पत्र्याचा बाद झाला. शेवटी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, वर जाड कापड असलेला एक उरला. डोक्यावर अकरा किलो.

"सर, जरा आडवे व्हा."

मी भर दुकानात फरशीवर आडवा झालो. माझ्या अंगावर ते अकरा किलो, नळ्यांसकट, टाकण्यात आले.

"आता उठा."

मी उठलो. चार गिऱ्हाइकं बघत होती. गुणाबाई बसवंताला म्हणाल्या, "हे बांधून द्या."

खोक्यात चौसष्ट बोल्ट, बाहुलीच्या हातात शोभेल असा पान्हा आणि चित्रांचं एक पुस्तक निघालं. त्यातला माणूस हसत हसत एकट्याने गझिबो उभा करत होता. आम्हाला दीड दिवस लागला. सहा वर्षं शेडमध्ये राहिलेल्या बाईला मी बोल्टखाली रबरी चकती कशी घालायची ते सांगत होतो, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी. चारही खांबांसाठी त्यांनी गुडघाभर खड्डे खणवले आणि त्यांत काँक्रीट ओतवलं.

"खाली कितीबी घाला," त्या म्हणाल्या. "वर न्हाई."

ओसरीत बसून भागवतराव हे पाहत होते आणि चहा त्यांच्या हातात गार होत होता.

पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला, गझिबो उभा. खांब पुसणं, बोल्ट आवळणं, पायाशी पाणी साचू न देणं, हे सगळं गुणाबाई पुस्तकात दिल्याप्रमाणे करत. पुस्तकात नसलेली एक गोष्टही करत. दर पाडव्याला त्या छताचं काहीतरी काढून टाकत. पहिल्या वर्षी झालर गेली. दुसऱ्या वर्षी शेंड्यावरची छोटी टोपी. तिसऱ्या वर्षी पडद्यांच्या नळ्या. काटा दरवेळी सोबत असे. अकराचे साडेसात झाले.

चौथ्या पाडव्याला त्यांनी कोपऱ्यांतल्या तिरप्या पट्ट्यांना पान्हा लावला तेव्हा मात्र माझ्यातला फिजिक्सचा मास्तर उठून बसला.

"मावशी, या पट्ट्यांमुळेच ते उभं आहे. हा त्रिकोण आहे. त्रिकोण मोडला की..."

"सर, तुमची पोरं डॉक्टर होऊन राहिली. घर बांधायला किती गेले?"

"एकही नाही. पण पुस्तकात लिहिलंय, दरवर्षी या आवळा म्हणून. देखभाल म्हणतात त्याला."

त्यांनी पान्हा मांडीवर ठेवला.

"देखभाल म्या लई केली. आमचं माळवद होतं, मातीचं छत. पावसात गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्याच्यावर पांढरी माती टाकायची असती. एकवीस उन्हाळे टाकली. टोपल्या म्याच वाहिल्या. शेजारणी म्हणायच्या, गुणाचं माळवद एक थेंब गळत न्हाई." मग त्या म्हणाल्या, "न्हाईच गळलं. ती सगळी माती त्यांच्या अंगावर आली."

मी खाली बसलो आणि दुसऱ्या टोकाने पट्टी धरली. आम्ही आठही पट्ट्या काढल्या. काटा चारवर आला.

त्या मेमध्ये एका दुपारी वळीव आला. मी क्लासला निघालो होतो. ओसरीतून मागे पाहिलं तर चारही खांब दारू प्यायल्यासारखे एका बाजूला झुकले, पुन्हा सरळ झाले, आणि मग बुडापासून वाकून सगळं खाली बसलं. खाली बाजेवर गुणाबाई होत्या. आरती धावली, भागवतराव अनवाणी धावले, माझे एकशे चारही धावले. "माय, माय" असं ओरडत भागवतराव चिखलात गुडघ्यांवर बसून कापड ओढत होते.

कापडाच्या दुसऱ्याच टोकातून गुणाबाई बाहेर आल्या. पदर झटकला. डोक्याला कुठे खरचटलंही नव्हतं.

"छत पडलं," त्या मुलाला म्हणाल्या. "अन् मी उठले. बघितलंस?"

"बघितलं, माय." भागवतराव रडत होते.

"मग रडतूस कशाला. आरती, चहा टाक."

त्या दिवशी गल्लीत येईल त्याला त्यांनी ते कापड उचलायला लावलं. एका हाताने उचलायचं, अशी अट होती.

शब्द मात्र शब्द होता, आणि साक्षीदार मी होतो. परसात आता तीन मजली वसतिगृह आहे, अठरा खोल्यांचं. गुणाबाई त्याच्या गच्चीवर झोपतात. पावसाळ्यात खाली येतात.