मोतिया पैठणीची पैज

तारीख अकरा मे, रविवार. रक्कम पाचशे रुपये. हजर मी, माझी धाकटी जाऊ आणि सासूबाई. बंगळुरूत, जे. पी. नगरच्या आमच्या स्वयंपाकघरात पैज लागली: श्रावणात माझ्या नव्या सुनेच्या पहिल्या मंगळागौरीला मी मोतिया पैठणी नेसून तिच्याबरोबर फुगडी घालायची, आणि पैठणी कोरडी राहायला हवी.

पहिल्या बाळंतपणात माझा मुलगा पावणेचार किलोंचा झाला. तेव्हापासून शिंकले, खोकले, जोरात हसले की थोडी लघवी होतेच. सत्तावीस वर्षं मी गडद रंग नेसले आणि खेळांच्या वेळी गुडघा धरून भिंतीशी बसले. त्या दिवशीही हसता हसता बाथरूमकडे पळाले. परत आले तर जाऊ म्हणाली, "जाऊबाई, मंगळागौरीला कुठला गुडघा दुखणार, डावा की उजवा?"

"कुठलाच नाही. सुनेबरोबर पहिली फुगडी माझी."

"बाळंतपणानंतर असं व्हायचंच," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही कधी बोललो का?"

"तुम्ही बोलला असतात तर मी तेव्हाच डॉक्टरकडे गेले असते."

मी इंदिरानगरला एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तरुण, कन्नड मुलगी. तिने तपासून नीट समजावलं. गरोदरपणी पोटाचा सगळा भार ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू पेलतात, प्रसूतीत ते ताणले जातात. काहींचे आपोआप सावरतात, काहींना व्यायाम लागतो, आणि तो आता सुरू केला तरी उपयोग होतो. लघवी अडवून धरल्यासारखे ते स्नायू आत ओढायचे, मग सैल सोडायचे.

मी आयुष्यभर हिशेब केलेले. म्हटलं, तिने सांगितलंय त्याच्या तिप्पट करू, लवकर फिटेल. सिग्नलला, भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, सदैव आत ओढून. पंधरा दिवसांत त्रास वाढला. नुसती उचकी लागली तरी पंचाईत.

"आंटी, सोडता कधी?" तिने विचारलं.

"सोडायचं? कमावलेलं का सोडू?"

ती खुर्चीत मागे रेलून हसली. "स्नायू थकलेत. ओढणं अर्धंच काम, सोडणं उरलेलं अर्धं. आणि श्वास कोंडू नका. स्वल्प कमी करा."

कमी केलं. जुलैत शिंक आली आणि काहीच झालं नाही. मी आणखी एक शिंक यावी म्हणून तपकीर शोधत होते.

मंगळागौरीला सगळ्या गडद काठापदरात आणि मधोमध मी मोतिया. सुनेचे हात धरले, मागे रेलले, गरगर फिरलो. समोरचे चेहरे, समई, पडदे सगळे एक झाले. मी मोठ्याने हसत होते आणि थांबवायची गरजच नव्हती. पैठणी कोरडी. माझ्याकडे बघून हसत हसत जाऊच बाथरूमकडे पळाली. जुळ्यांची आई ती.

"डावा की उजवा?" मी दारातून विचारलं.

"पाचशे घ्या, पण गप्प बसा," आतून आवाज आला.

शनिवारी तिला इंदिरानगरला घेऊन निघाले तर सासूबाई चप्पल घालून दारात उभ्या. "वय झालं म्हणून काय, शिंक मलाही येते."

दोघींची फी अठराशे रुपये, मीच त्या फिजिओथेरपिस्टला दिली. पैज जिंकून पदरचे तेराशे गेले.